भोपळ्यावरचा पहिला घाव

माझ्या जिभेला लोक नावं ठेवतात, त्याचं मला काही वाटत नाही. जीभ आहेच तशी. अहमदपूरच्या बाजारात हातगाडी ढकलत सुरुवात केली आणि पुढे यार्डात स्वतःचा गाळा घेतला, तो काही गोड बोलून नाही. पण माझ्या हाताला आजवर एकाच माणसाने नाव ठेवलं, आणि ते असं चिकटलं की अजून निघालेलं नाही.

ते माणूस म्हणजे उदगीर रस्त्यावरच्या एका खेड्यातली भोपळेवाली म्हातारी. सगळं गाव तिला मावशी म्हणायचं, म्हणून मीही म्हणायचो. तिचं म्हणणं असं की माझा हात तिखट आहे. मी पहिला घाव घातलेला भोपळा शिजत नाही. चुलीत अख्खी बाभळ घातली तरी फोड आपली कडकच.

आता कुणी म्हणेल, एका म्हातारीच्या बोलण्याचं एवढं काय मनावर घ्यायचं? म्हणणाऱ्याने कधी भोपळा विकलेला नसणार. मी बागवान. भाजीपाल्यात केस पांढरे झाले. टोमॅटो असो, वांगं असो, तुम्ही जसं आणता तसं गिऱ्हाईक घेऊन जातं. लाल भोपळ्याचं तसं नाही. तो फोडून विकावा लागतो. अख्खा भोपळा संपवणारी घरं आता राहिली कुठे? चौघांच्या घराला एक फोड पुरते. म्हणजे भोपळ्याच्या धंद्यात मालाइतकाच कापणाऱ्याचा हात विकला जातो. आणि त्याच हाताला हिने नाव ठेवलं.

त्यातून आमच्याकडची रीत. बाई अख्खा भोपळा फोडत नाही. पहिला घाव पुरुषाने घालायचा, मग बाईने त्याच्या पाहिजे तशा फोडी कराव्यात. अख्खा भोपळा म्हणजे घरातला थोरला मुलगा असं जुन्या बायका मानतात, आणि आई मुलावर सुरी कशी चालवेल? बहुतेक घरांत ही रीत गुपचूप पार पडते. नवरा पेपर वाचता वाचता उठतो, एक घाव घालतो, परत पेपर वाचतो. मावशीच्या घरी मात्र पुरुषच नव्हता. नवरा कधीचाच वारलेला. एकुलता एक मुलगा लातुरात, शिकवणीच्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवणारा. त्यामुळे भोपळ्याची भाजी करायची झाली की ही बाई भोपळा कडेवर घेऊन रस्त्यावर येऊन उभी राहायची. दुसऱ्या हातात विळा.

आणि जो पहिला पुरुष दिसेल त्याला थांबवायची. विजेच्या खांबावर चढलेल्या वायरमनला तिने खाली उतरवलं होतं. गुरांच्या डॉक्टरला तर ती इतक्यांदा पकडायची की तो बिचारा पुढे शेताकडच्या वाटेने जायला लागला. एकदा निवडणुकीच्या दिवसांत एका उमेदवाराची जीप आली. तो हात जोडून खाली उतरला. हिने त्याच्या जोडलेल्या हातांत विळा दिला. मागची पोरं घोषणा द्यायची थांबली. त्याने बिचाऱ्याने भोपळा फोडला, घाम पुसला आणि म्हणाला, "मावशी, मत मात्र मला."

मावशीने फोड उचलून गर पाहिला. "आतून पोकळ निघालाय," ती म्हणाली. "बघू."

तो माणूस पडला. भोपळ्यामुळे पडला असं मी म्हणत नाही, पण गाव म्हणत होतं.

म्हणजे हिच्या हिशेबाने फोडणाऱ्याचा स्वभाव भोपळ्यात उतरायचा. पोस्टमनने फोडलेला लवकर शिजायचा, कारण तो पायाने चपळ. एका कीर्तनकाराने फोडलेला गोड निघाला, पण पचायला जड गेला. असला हा सगळा कारभार. आणि या कारभारात माझी पाळी कशी आली ते सांगतो.

मी तिच्याकडे पहिल्यांदा गेलो ते नाइलाजाने. त्या पट्ट्यात जिकडे पाहावं तिकडे सोयाबीन. भोपळा लावायचा तो लोकांनी सोडूनच दिला होता. ही एकटी बाई विहिरीच्या काठावर, बांधावर, गोठ्याच्या पत्र्यावर, उकिरड्यावर, जिथे मुळाला माती मिळेल तिथे वेल चढवायची. आणि माल असा की देठ वाळवून सावलीत ठेवला तर होळीपर्यंत हलत नाही. मी भाड्याचा टेम्पो घेऊन सकाळीच पोचलो.

"चप्पल काढ," बांधावरून आवाज आला.

"का?"

"लगीन लागायलंय."

मी इकडे तिकडे पाहिलं. ना मांडव, ना माणसं. म्हातारी वेलीत वाकलेली. तिने लांब देठाचं एक नर फूल तोडलं, त्याच्या पाकळ्या सोलल्या आणि आतला दांडा मादी फुलात हलकेच फिरवला. मादी फुलाच्या खाली सुपारीएवढा भोपळा आधीच धरलेला असतो. त्याला तिने लाल दोरा बांधला. मग पुढचं फूल. असं सगळ्या वेलींवर. तोवर मी अनवाणी उभा, टेम्पोचं भाडं चढतंय.

"हे काम मधमाश्या करतात की," मी म्हणालो.

"करत व्हत्या. सगळ्या रानाला फवारे मारायला लागल्यापून माशा कामचुकार झाल्यात."

सोललेल्या पाकळ्या तिने पदरात गोळा केल्या होत्या. त्यांची भजी तळून तिने मला दिली. चांगली होती, ते मी नाकारत नाही. पण खाताना ती म्हणते, "खा, खा. नवरदेव हाइत." घास गिळावा की थुंकावा, कळेना.

मग सौदा. आता सौदा म्हटलं की माणूस बोट दाखवणारच. हा घेतो, तो नको, त्या कोपऱ्यातला केवढ्याला. मी बोट उचललं मात्र, ती किंचाळली, "बोट खाली!" कोवळ्या भोपळ्याकडे बोट दाखवलं की तो सडून गळतो म्हणे. हे मी माझ्या आजीकडूनही ऐकलं होतं, पण आजी मला माल विकत नव्हती. मी बोट वाकवलं. वाकवलेलं बोटही तिला पुरेसं वाटेना. मी हनुवटीने दाखवायला लागलो. "ह्यो का त्यो?" ती विचारायची. मी कोपराने दाखवायचो. "त्यो व्हय? त्यो देणार न्हाई." टेम्पोचा ड्रायव्हर स्टेअरिंगवर डोकं टेकून हसत होता.

मी तराजूकाटा काढला तर दुसरा तमाशा.

"लेकराला तराजूत घालतेत व्हय?"

"दवाखान्यात घालतात की!"

"ते डाक्टर घालतो. तू डाक्टर हाइस का?"

आयुष्यात मी हमालांशी भांडलो, आडत्यांशी भांडलो, एकदा तर चेकनाक्यावरच्या शिपायाशी भांडलो. पण त्या सगळ्यांना निदान आपण काय विकतोय आणि का विकतोय हे माहीत होतं. ही बाई प्रत्येक भोपळ्याची सोयरीक जुळवायची. हा कुणाच्या घरी जाणार? भाजी करणार का घारगे? घरात खाणारी माणसं किती? मी म्हणालो, "मावशी, मी ठोक घेतो, पुढे कुठे जातो मला काय ठाऊक!" तर म्हणे, "मग ठाव करून ये."

शेवटी कसाबसा भाव ठरला आणि मी चूक केली. मी म्हणालो, माल पिकलाय का ते एक फोडून बघू. तिने निवडलेल्या भोपळ्याचा देठ हिरवा होता. मी म्हणालो, हा कच्चा आहे. ती म्हणाली, पिकलाय. मी म्हणालो, नख लावून बघा, सालीत जातंय. ती म्हणाली, तुझी नखंच वाढलीत. सकाळपासूनचं सगळं माझ्या डोक्यात गेलं. मी विळा घेतला आणि भोपळा दगडावर ठेवून असा घाव घातला की एक अर्धुक विहिरीकडे गेलं आणि दुसरं टेम्पोखाली.

"असं फोडतेत व्हय?" टेम्पोखालचं अर्धुक ओढून काढत ती म्हणाली. "जळण फोडल्यावाणी?"

तिथेच तिने चूल पेटवली. फोडी पातेल्यात टाकल्या, मीठ टाकलं आणि वर चिंचेचा कोळ ओतला. मी ओरडलो, "मावशी, चिंच आधी घातली की काही शिजत नसतं!"

"आता तू मला सैपाक शिकव."

फोडी शिजल्या नाहीत. शिजणार कशा? आंबट पाण्यात डाळ शिजत नाही, भोपळा काय शिजेल! मी तिला हे पाच प्रकारे समजावलं. तिने एक फोड चिमटीत धरली, दाबली, माझ्याकडे पाहिलं आणि तो निकाल दिला.

"हात तिखट हाय तुझा, बागवान."

चिंचेला कुणी विचारलंच नाही.

तेवढ्यावर राहिलं असतं तरी चाललं असतं. पण ती आठवडी बाजाराला यायची. एसटीने यायची, मांडीवर सगळ्यांत मोठा भोपळा घेऊन. कंडक्टरने सामानाचं तिकीट मागितलं की म्हणायची, "मांडीवरच्या लेकराला तिकीट लागत न्हाई." बाजारात बसली की बायका भोवती जमायच्या. कुणाला वेल धरत नाही, कुणाची फुलं गळतात, कुणाच्या भोपळ्याला बुरशी. आणि त्यांच्याशी बोलता बोलता, माझ्या गाडीकडे हनुवटी करून, ही सहज सांगून टाकायची. वाईट हेतूने नाही. पावसाची बातमी सांगावी तसं.

दोन बाजारांत माझ्या फोडी पडून राहायला लागल्या. बायका यायच्या, फोड उचलायच्या, विचारायच्या, "भाऊ, हे कुणी फोडलं?"

मी एकीला सांगितलं, "मशीनने."

"मशीन कुणाची हाय?"

"माझीच."

तिने फोड खाली ठेवली.

माझ्या शेजारचा गाडीवाला तर ओरडायलाच लागला, "थंड हात! थंड हात!" त्याचा हात थंड कसला, त्याला सकाळी उठवत नव्हतं. पण त्याच्या फोडी दुपारपर्यंत संपायच्या आणि मी माशा हाकत बसायचो.

तेव्हापासून माझा एकच हेका. या बाईने हा शब्द मागे घ्यायचा. चारचौघांत घ्यायचा. त्यासाठी मी काय काय केलं! घरी बायकोकडून भोपळा घातलेला डाळीचा दालचा करून घेतला. भोपळा मी स्वतः, बिस्मिल्ला म्हणून, शांतपणे फोडला होता. लोण्यासारखा शिजला. डबा भरून मी मावशीकडे नेला. तिने बोटं चाटली.

"लई झ्याक शिजलाय. कुणी फोडला?"

"मी!"

तिने डबा झाकला. "डाळीच्या पाण्यात दगड बी शिजतोय."

मी घरी येऊन डबा आपटला. बायको म्हणाली, "क्या जी, एक बुड्ढी के पीछे कायको लगे तुम? भोपळा छोडो, बैंगन बेचो."

वांगी विकणं सोपं होतं. पण मग तिचं म्हणणं खरं ठरलं असतं. आणि दुसरी गोष्ट, तिच्यासारखा माल दुसरीकडे मिळत नव्हता. म्हणून दर हंगामाला मी चप्पल काढून बांधावर उभा.

मग माहूरचं काम आलं. नांदेडचा एक आचारी, नवरात्रात माहूरच्या एका धर्मशाळेत यात्रेकरूंच्या उपवासाच्या जेवणाचं काम त्याने घेतलं होतं. उपवासाला लाल भोपळा चालतो, त्यामुळे नऊ दिवस त्याला रोज गाडीभर माल हवा होता. एकसारखा, गोड, न सडणारा. तालुक्याबाहेरचं माझं हे पहिलं काम. हे जमलं तर हातगाडी सुटणार होती. नाही जमलं तर तो आचारी पुन्हा माझ्याकडे बघणार नव्हता, आणि नांदेडच्या बाजारात माझं नाव काय म्हणून जाणार होतं ते मला ठाऊक होतं. मी त्याच्याच जीपमध्ये बसून त्याला थेट मावशीच्या शेतात आणलं. वाटेत दहा वेळा सांगितलं, बोट दाखवू नका.

त्याला माल पसंत पडला. मोठा माणूस, हिशेबी. जीपमधून त्याने गॅसची शेगडी काढली, पातेलं ठेवलं आणि म्हणाला, "एक शिजवून बघतो. कापा, बागवान."

"तुम्हीच कापा ना," मी म्हणालो.

"घेणाऱ्याने नमुना कापायचा नसतो. उद्या तुम्ही म्हणाल, आचाऱ्याने हात फिरवला. ज्याचा माल त्याने कापावा."

त्याचं बरोबर होतं. मी विळा उचलला. आणि मावशी म्हणाली, "त्याच्या हातानं नगं."

आचाऱ्याने आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. "का हो?"

मला वाटलं, संपलं. आता ही सांगणार. पावसाची बातमी सांगावी तसं सांगणार, आणि हा जीप फिरवणार. मी डोळ्यांनी तिला खुणावलं, दात खाल्ले, विनवणी केली, सगळं एकाच वेळी. तिने माझ्या हातातून विळा घेतला. आजूबाजूला पाहिलं. रस्ता लांब होता, वायरमन नव्हता, कुत्रंसुद्धा नव्हतं.

"माल माझा हाय," ती आचाऱ्याला म्हणाली. "ज्याचा माल त्यानं कापायचा म्हणलास न्हवं?"

ती खाली बसली. भोपळा दोन्ही पायांच्या मध्ये घेतला, त्याच्या पाठीवरून हात फिरवला, काहीतरी पुटपुटली आणि डोळे मिटून घाव घातला. एका घावात झाला नाही. तीन-चार घाव घालावे लागले. आचारी नांदेडचा असला तरी माणूस जुना, त्याने तोंड दुसरीकडे फिरवलं होतं.

भोपळा शिजला. गोड निघाला. सौदा झाला, आचारी गेला.

आणि मी उखडलो. तुम्ही म्हणाल, आता का? सांगतो. जन्मभर या बाईने उमेदवारांना, कीर्तनकारांना, गुरांच्या डॉक्टरांना रस्त्यात धरून भोपळे फोडून घेतले. रीत मोडली नाही. आणि मोडली ती कधी? तर माझा हात लागू नये म्हणून! याच्याहून मोठा अपमान कुठला असतो?

"मावशी, मला फोडू दिला असता तर काय बिघडलं असतं?"

"तुझा सौदा मोडला असता."

"म्हणजे माझ्यासाठी फोडला?"

"तुझ्यासाठी कशापायी? शिजला नसता तर माझ्या भोपळ्याची बदनामी झाली असती."

मी रस्त्यावर जाऊन एका टेम्पोला हात केला, आत बसलो आणि दार इतकं जोरात लावलं की काच खाली पडली. तीही मलाच भरून द्यावी लागली.

आठवड्याने तिच्या मुलाचा लातूरहून फोन. "काका, तुम्ही आईला काय केलंय?"

"मी काय करणार? तीच मला करते."

"रोज फोन करते. बरा आहेस ना, बरा आहेस ना. वर्गात असलो तर ऑफिसात फोन करून मला बाहेर बोलावते. परवा म्हणाली, गाडी चालवू नकोस, चालत जा. काल म्हणाली, पंख्याखाली झोपू नकोस. मी विचारलं काय झालं, तर म्हणते, बागवानाला विचार."

मी त्याला सांगितलं की तुझ्या आईने तुझ्यावर विळा चालवला, म्हणून ती घाबरली आहे. फिजिक्सच्या मास्तरला हे समजावून सांगायला मला बराच वेळ लागला. दुसऱ्याच दिवशी तो गावी आला आणि दिवसभर तिच्यासमोर बसून राहिला. हातपाय धड असलेला, जेवणारा, खोकला नसलेला. तरी दिवाळीपर्यंत तिने भोपळा तोंडात घातला नाही. म्हणजे तोही ठपका माझ्यावरच.

माहूरच्या कामावर माझा गाळा झाला, हे खरं आहे. पण बाजारात माझा हात तिखटच राहिला. उलट बायका म्हणायला लागल्या, बघा, मावशीने रीत मोडली पण त्याला विळा लावू दिला नाही. म्हणजे किती तिखट असेल!

पुढे ती विहिरीच्या काठावर घसरून पडली. कंबरेचं हाड गेलं. मुलाने तिला लातूरला आपल्या फ्लॅटवर नेलं, तिसऱ्या मजल्यावर. मला वाटलं, सुटलो. पण तिथेही तिने बाल्कनीत वेल लावला. पेंटच्या डब्यात लावलेला तो वेल गजांवरून चौथ्या मजल्यावर चढला. तिथल्या बाईने तक्रार केली, तर हिने तिला फुलांची भजी पाठवली. मग एक भोपळा धरला, तो नेमका बाहेरच्या बाजूला. हिने त्याला जुन्या लुगड्याची झोळी बांधली. खाली सोसायटीच्या सेक्रेटरीची गाडी लागायची. तो माणूस रोज वर बघत गाडी काढायचा. मुलाने मला फोन केला, "काका, तुमचं ऐकते ती, जरा सांगा."

माझं ऐकते! मी गावाकडच्या वेलाचा एक पिकलेला भोपळा घेतला आणि लातूरला गेलो. भेटायला नाही. तिला तो शब्द मागे घ्यायला लावायला गेलो होतो. आता नाही तर कधी, एवढं कळायला काही डॉक्टर असायची गरज नव्हती.

ती पलंगावर बसलेली. निम्मी झाली होती. भोपळा मांडीवर घेतला, वास घेतला, देठ पाहिला. "आज हेच करा," ती सुनेला म्हणाली. "आधी कुणाकडून फोडून घ्या."

मुलगा आत ऑनलाइन क्लास घेत होता. सून माझ्याकडे पाहायला लागली. मी बाह्या सरसावल्या.

"खाली वॉचमन हाय का बघ गं," मावशी म्हणाली.

तो बिचारा म्हातारा वॉचमन तीन मजले चढून आला. धापा टाकत त्याने भोपळा फोडला, पाणी प्यायला आणि गेला. मी तिथेच उभा, दोन हात दोन बाजूंना.

भाजी झाली, जेवण झालं. सून स्वयंपाकघरात गेली तेव्हा मी म्हणालो, "मावशी, आता तरी बोला. माझ्या हाताला काय झालंय?"

तिने खिडकीतून बाहेरच्या झोळीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "काई झालं न्हाई. चांगला हाय तुझा हात. मला का ठाव न्हाई?"

"मग इतकी वर्षं?"

"बोलून बसले व्हते. मोठ्या माणसानं शब्द फिरवायचा असतो व्हय?"

मी बाजारातला माणूस. सौदा तोंडी झाला की लगेच पावती घ्यावी हे मला माहीत आहे. मी खिशातून मोबाईल काढला. "पुन्हा एकदा म्हणा. इथे बघून म्हणा."

तिने मोबाईलकडे पाहिलं. पदर नीट केला. घसा साफ केला. मग माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं, ते मला तेव्हाच ओळखायला हवं होतं.

"ह्यो आमचा बागवान," ती मोबाईलला म्हणाली. "लई भांडकुदळ. ह्याचा हात तिखट हाय. ह्याला भोपळा फोडू देऊ नका." आणि हसायला लागली. बोळक्या तोंडाने, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मीही ओरडत होतो, "मावशी, हे नाही! आत्ता बोललात ते!" तेही त्यात आहे.

या फाल्गुनात ती गेली. दहाव्याच्या आधी मुलाचा फोन आला. आईचा एकही धड फोटो नाही, म्हणाला. फोटो काढायचा म्हटलं की ती तोंड गंभीर करून बसायची. आधार कार्डावरचा एक आहे, त्यात तर घाबरलेली दिसते. "तुमच्याकडे तिचा हसतानाचा व्हिडिओ आहे ना, काका? बायको म्हणाली. पाठवता का? घरच्या ग्रुपवर टाकतो."

मी म्हणालो, त्यात काही विशेष नाही. तो म्हणाला, असू द्या. मी म्हणालो, आवाज काढून पाठवतो.

"आवाजच पाहिजे, काका."

मी म्हणालो, सुरुवातीचं कापतो, नुसतं हसणं पाठवतो. तो काही बोलला नाही. मी भाव करणारा माणूस आहे. समोरचा गप्प बसला की सौदा कुठे चाललाय ते मला कळतं. थोड्या वेळाने तो म्हणाला, "काय बोललीय ते ऐकायचंय मला."

पाठवला. अख्खा पाठवला.

घरचा ग्रुप कसला, दोन दिवसांत तो गावाच्या ग्रुपवर, तिथून भजनी मंडळाच्या ग्रुपवर, तिथून उदगीर, अहमदपूर, जिथे जिथे कुणाची सून, कुणाची नणंद असेल तिथे गेला. ज्यांना माझ्या हाताचं ठाऊक नव्हतं त्यांनाही ठाऊक झालं, आणि तेही तिच्याच तोंडून. परवा गाळ्यावर एक बाई आल्या. अनोळखी, सुशिक्षित, स्कूटरवर आलेल्या. माझ्याकडे निरखून पाहत होत्या.

"तिखट हाताचे ते तुम्हीच का हो?"

"मीच."

"मग फोडी नकोत. अख्खाच द्या. आमचे हे फोडतील घरी."

मी अख्खा भोपळा काढून दिला. त्यांनी भाव विचारला, मी सांगितला.

"मावशींच्या नावाने तरी काही कमी करा की."

"मावशींनी कधी केलं होतं का?" मी म्हणालो, आणि एक रुपया सोडला नाही.